वॉल्ट्झचा बॉक्स : सहा आठवड्यांच्या सरावाच्या नोंदी

२ जून : जागा, जमीन, बूट

तीन जोड्या, सहाही जण कोरे. आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकी पाऊण तास. सहा आठवड्यांनी जमायला हवं ते एवढंच: स्लो वॉल्ट्झ या जोडीने करायच्या संथ नाचाचा बॉक्स स्टेप (चौकोनात फिरणारी सहा पावलं), त्याचं डावं वळण आणि पुढे सरकणारं बेसिक, मिनिटाला ८४ ते ९० मात्रांच्या संगीतावर, दीड मिनिट न थांबता. नोंदींत जोड्यांना अ, ब, क म्हटलं आहे.

बॉक्स निवडला तो सोयीसाठी. स्पर्धांच्या इंटरनॅशनल पद्धतीत वॉल्ट्झची सुरुवात क्लोज्ड चेंजपासून (पुढे, बाजूला, जोड अशा सरकत्या तीन पावलांपासून) करतात. बॉक्स अमेरिकन पद्धतीतला. पण तो सहा पावलांत निघाल्या जागी परत आणतो, त्यामुळे दोन बाय दोन मीटर मोकळी जागा पुरते. शिवाय चूक लपत नाही. सहाव्या पावलाला खुणेवर नसलात, तर मधे कुठेतरी घोटाळा झालेला असतो.

जमिनीवर मास्किंग टेपने ४० सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखला. हे माप बुटाच्या लांबीच्या साधारण दीडपट येतं. लहान चणीच्या माणसाला ३५ पुरतं. पहिल्या दिवशी सगळेच ऐसपैस पावलं टाकतात. मग मागचा पाय जवळ आणायला वेळ लागतो आणि तिसरी मात्रा निसटते.

बूट: रबरी तळ नको. पुढे वळण शिकताना पाऊल जमिनीला चिकटून राहतं, शरीर फिरतं आणि पीळ गुडघ्यावर पडतो. नुसते मोजे तर अजिबात नकोत, बाजूच्या पावलाला पाय घसरतो. नाचाच्या बुटांना तळाला स्वेड, म्हणजे लवदार चामडं, लावलेलं असतं ते याचसाठी: घसरतं, पण हवं तिथे थांबतं. ते नसेल तर गुळगुळीत चामडी तळाचे, पायात घट्ट बसणारे जुने बूट चालतील. मागून सुटणारं काहीही घालू नये, कारण अर्धा नाच मागे जाण्याचा आहे.

५ जून : सहा पावलं

आज जोडीदाराला हात लावायचा नाही. प्रत्येकाचा आपापला चौकोन.

पाय जुळवून उभं राहायचं, सगळं वजन उजव्यावर, डावा मोकळा. १: डावा पुढे. २: उजवा डाव्याच्या घोट्याजवळून नेऊन उजवीकडे, खांद्याच्या रुंदीइतका. ३: डावा उजव्याशेजारी. ४: उजवा मागे. ५: डावा उजव्याच्या घोट्याजवळून नेऊन डावीकडे. ६: उजवा डाव्याशेजारी. ही झाली लीडरची, म्हणजे जोडीत नाच पुढे नेणाऱ्याची पावलं.

फॉलोअरसाठी, म्हणजे त्याच्या मागोमाग जाणाऱ्या जोडीदारासाठी, वेगळं काही पाठ करायचं नाही. लीडरचं ४-५-६ हेच फॉलोअरचं १-२-३, आणि लीडरचं १-२-३ हे फॉलोअरचं ४-५-६. म्हणून सहाही जणांना एकच साखळी दिली. फरक फक्त कुठून सुरू करायची याचा. हे आधी सांगितलं की फॉलोअरच्या डोक्यातला निम्मा गोंधळ जातो. एरवी बिचारे समोरच्याचे पाय बघून उलटं करायच्या खटपटीत असतात.

आजची मुख्य चूक दुसऱ्या पावलाची. उजवा पाय डाव्याजवळून जायच्याऐवजी थेट तिरका फेकला जातो, चौकोनाचा कोपरा कापला जातो. दोन बॉक्सनंतर माणूस टेपच्या आत नसतोच. उपाय साधा: दोनच्या आधी दोन्ही घोटे एकमेकांजवळून जाऊ द्यायचे. पायाची वाट इंग्रजी एल अक्षरासारखी काटकोनात मोडली पाहिजे.

पुढचं पाऊल टाचेवर पडतं, मग चवड्यावर जातं. मागचं पाऊल आधी चवड्यावर, मग टाच टेकते. चालताना आपण हेच करतो, पण ‘नाच’ म्हटलं की लोक पुढचं पाऊलही चवड्यावर टाकू लागतात.

९ जून : तीनवर काय होतं

जोडी ब ला चौथं पाऊल सापडत नाही. तीन झालं की लीडर थबकतो, मग पुन्हा डावाच पाय उचलतो. जोडी क मधल्या फॉलोअरचं सहानंतर तेच. सगळ्यांना वाटलं क्रम विसरला. क्रम तोंडपाठ आहे, विचारलं तर धडाधड म्हणून दाखवतात.

म्हणून आज कागदाची चाचणी. तिसरं पाऊल जिथे पडतं तिथे वहीचा एक सुटा कागद ठेवायचा. एक-दोन-तीन करून पुतळ्यासारखं थांबायचं, आणि दुसऱ्याने कागद हळूच ओढायचा. निघाला, तर पायावर वजन नाही. फाटला किंवा हललाच नाही, तर वजन आहे. चालत्या नाचात हे करू नये. कागदावरून पाय सटकतो.

सहा जणांपैकी चौघांचा कागद अलगद निघाला.

जवळून बघितल्यावर दिसलं ते असं. डावा पाय उजव्याशेजारी येतो, चवडा जमिनीला लागतो, टाच केसभर वर राहते. गुडघा थोडा पुढे वाकलेला असतो. माणूस उभा आहे तो अजून उजव्यावरच. वरून पाहिलं तर पाय व्यवस्थित जुळलेले, चूक दिसायला जागाच नाही. पण चौथ्या मात्रेला उजवा उचलायचा आणि तोच खांबासारखा रोवलेला. मग मोकळा असलेला डावाच पुन्हा निघतो. वजन नीट गेलं की उलट दिसतं: डावी टाच आवाज न करता टेकते, डावा गुडघा वजन घेतो आणि उजवी टाच आपोआप हलकी होते.

बॉक्समध्ये सहा पावलं असली तरी मोजायचे असतात ते सहा वजनबदल. दोन्ही पायांवर निम्मं-निम्मं उभं राहायला जागा कुठेच नाही.

व्यायाम: तीननंतर लगेच उजवा पाय दोन बोटं उचलायचा, सहानंतर डावा. उचलताना कलंडलात तर वजन पोचलेलं नाही. प्रत्येकी २० वेळा.

१२ जून : शब्द बदलला

कागद दोघांचा अजूनही निघतो. व्यायाम करताना बरोबर, बोल म्हणत नाचायला लागले की पुन्हा तेच.

दोष आमच्या बोलांत होता. पहिल्या दिवसापासून ‘पुढे–बाजूला–जोड, मागे–बाजूला–जोड’ असं म्हणवून घेत होतो. ‘जोड’ म्हटल्यावर माणूस पाय जोडतो आणि काम झालं असं समजतो. त्या शब्दात थांबणं आहे. आजपासून ‘पुढे–बाजूला–बदल, मागे–बाजूला–बदल’. दहा मिनिटांत दोघांपैकी एकाचा कागद अडकला, बैठक संपेपर्यंत दुसऱ्याचाही. याआधीची दोन सत्रं शब्दापायी गेली म्हणायची.

आकडे म्हणायचे तर एक ते सहा म्हणावेत. संगीताच्या हिशेबाने दोनदा ‘एक-दोन-तीन’ बरोबर आहे, पण तसं मोजणाऱ्याला आपण पुढच्या अर्ध्यात आहोत की मागच्या, हे मधेच कळेनासं होतं.

१६ जून : ताल

पहिलं संगीत. त्याआधी मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) ६०, म्हणजे मात्रेला एक सेकंद; मग ७२. ८४ ला अजून हात लावलेला नाही.

वॉल्ट्झ तीन मात्रांचा. पहिलीवर खालचा जड सूर, दुसरी-तिसरीवर हलके: ढुम-चक-चक. पाय हलवायच्या आधी नुसतं बसून फक्त ‘ढुम’वर टाळी द्यायची. सलग १६ टाळ्या बरोबर आल्या की उभं राहायचं. जोडी अ ला हे लगेच जमलं. जोडी क दुसऱ्या मात्रेला सम धरत होती. तसं धरलं की पुढचं पाऊल हलक्या मात्रेवर पडतं आणि सगळा नाच लंगडा दिसतो, पण नाचणाऱ्याला कारण समजत नाही.

दादरा कानात असलेल्यांना सहा मात्रा ओळखीच्या वाटतात आणि सुरुवातीला त्याची मदतच होते. एक सावधगिरी: दादऱ्यात चौथ्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे बिनजोराची जागा, असते. ती सवय पायात उतरली तर मागचं पाऊल भीत भीत, अर्ध्या वजनाने पडतं. वॉल्ट्झमध्ये चौथं पाऊल म्हणजे नव्या मापाची (तीन मात्रांच्या गटाची) पहिली मात्रा. ती पहिल्याइतकीच भरीव हवी.

गाणं निवडताना दोन गोष्टी तपासाव्यात. तीनची चाल आहे का, कारण चारच्या चालीवर बॉक्स दर फेरीला दोन मात्रांनी सरकतो. आणि वेग. मिनिटाला १७४ ते १८० मात्रा भरल्या तर ते व्हिएनीज वॉल्ट्झचं संगीत. त्यावर नवख्याने बॉक्स करायला जाऊ नये.

१९ जून : फ्रेम

आता जोडीने. फ्रेम म्हणजे एकमेकांना धरताना हातांची आणि शरीराची ठेवण. लीडरचा उजवा तळवा फॉलोअरच्या डाव्या खांद्यामागच्या हाडावर, बोटं मिटलेली. कमरेवर नाही. फॉलोअरचा डावा हात लीडरच्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली. दुसरे दोन हात एकमेकांत, दोघांपैकी बुटक्याच्या डोळ्यांच्या उंचीला. कोपर छातीच्या पातळीखाली लोंबू द्यायचं नाही.

दोघांनी नाकासमोर नाक आणून उभं राहायचं नसतं. प्रत्येकाने किंचित आपल्या डावीकडे सरकायचं. मग प्रत्येकाचा उजवा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मधल्या जागेकडे रोखलेला असतो आणि नजर समोरच्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे जाते.

फ्रेमचा उपयोग शोभेपेक्षा निरोप पोचवण्याचा. लीडरची छाती पुढे निघाली की हातांचं अंतर तेवढंच राहून फॉलोअरच्या पाठीला ते कळलं पाहिजे. कोपरं सैल असतील तर छाती पुढे येते, हात दुमडतात, निरोप वाटेत हरवतो. उलट लीडर हातांनी ढकलू लागला तर फॉलोअर कमरेतून मागे वाकतो. तपासायला दोघांनी तळव्याला तळवा लावून उभं राहायचं. लीडरने फक्त वजन पुढे-मागे करायचं, पाय हलवायचे नाहीत. तळव्यांवरचा दाब बदलला नाही पाहिजे.

नाच सुरू करतानाही हेच. लीडरने उजव्या पायावर स्वच्छ वजन घ्यायचं. फ्रेम ठीक असेल तर फॉलोअर डाव्यावर येतो. ‘चला’ म्हणायची गरज पडू नये. जोडी ब अजून म्हणते.

२३ जून : पायावर पाय

आज जोडी अ मध्ये चार वेळा, जोडी क मध्ये नऊ वेळा पाय तुडवला गेला. तुडवणारा माफी मागतो, पण दोष बहुतेक वेळा एकट्याचा नसतो.

नऊपैकी सहा वेळा फॉलोअरच्या सहाव्या पावलावर वजन पूर्ण गेलं नव्हतं. पुढच्या मापाच्या पहिल्या मात्रेला लीडर वेळेवर पुढे आला आणि फॉलोअरचा उजवा, जो मागे निघायला हवा, तिथेच अडकलेला. पुन्हा कागदाचीच गोष्ट. उरलेल्या तीन वेळा लीडरचं शरीर मागे आणि पाय पुढे, म्हणजे पाऊल आलं पण त्याची वर्दी आली नाही. आधी छाती, मग पाऊल.

मागे जाणाऱ्याने पाय मांडीच्या सांध्यापासून लांबवायचा. नुसता गुडघा दुमडून पाय उचलला तर तो जेमतेम वीतभर मागे जातो. आणि खाली बघायचं नाही. मान वाकली की कमरेखालचं सगळं पुढे येतं आणि तुडवायला अधिक जागा मिळते.

२६ जून : चढ-उतार

वॉल्ट्झचा झोका इथून येतो. पहिलं पाऊल खाली, गुडघे मऊ. त्या मात्रेच्या शेवटी चढायला सुरुवात, दोनवर चढतंच राहायचं, तीनवर सर्वांत उंच, आणि तीन संपता संपता खाली. पुढे जाणाऱ्याचे तळवे असे पडतात: एक टाचेकडून चवड्याकडे, दोन चवडा, तीन चवड्यावरून टाच टेकत.

शिकणारे एकवर उसळतात, कारण जड मात्रेवर काहीतरी मोठं करावंसं वाटतं. उसळी मारून लांब पाऊल पडत नाही. वाकलेल्या गुडघ्यातून ढकलल्यावर पडतं. दुसरी चूक खांदे उचलण्याची. चढ घोट्यातून आणि गुडघ्यातून यावा, कानाचं आणि खांद्याचं अंतर बदलू नये.

तीनवर चवड्यांवर उभं असताना वजन बदलायचं आणि मग उतरायचं, हा क्रम नाजूक आहे. जोडी ब घाईने आधी उतरते, मग वजन बदलते, आणि एकला उशीर होतो. ‘बदल’ शब्द आज ‘बद–ल’ असा तोडून म्हटला: ‘बद’वर वजन, ‘ल’वर टाच. हास्यास्पद वाटलं, पण उपयोग झाला.

पोटऱ्या दुखणार. आज एवढंच २० मिनिटं, मग सपाट पावलांनी नेहमीचा बॉक्स.

३० जून

नवीन काही नाही. वेग वाढवला. ७२ ला तिन्ही जोड्या ठीक. ८४ ला पावलं आपोआप लहान करायला सांगितली, ४० चं ३५. क ला ते करूनही चढ-उतार सुटला. त्यांना आठवडाभर सपाटच ठेवू. चढ-उतार नसलेला, तालात असलेला बॉक्स सामाजिक नाचात कुणाला खटकत नाही. उलटं मात्र खटकतं.

३ जुलै : डावं वळण

पावलं तीच सहा. प्रत्येक अर्ध्या बॉक्सला डावीकडे पाव फेरी, म्हणजे चार मापांत, १२ पावलांत, पूर्ण फेरी. जमिनीवर टेपने अधिकच्या चिन्हाचा (+) आकार आखून घड्याळाप्रमाणे नावं दिली: १२ ला तोंड करून सुरू, मग ९, मग ६, मग ३, परत १२.

वळणाची तयारी पहिल्या पावलातच होते. डावा पुढे टाकताना अंगठा जरासा बाहेर, डावीकडे. उजवा मागे टाकताना अंगठा जरासा आत. उरलेलं वळण दोनवर, आणि तीनवर फक्त वजन. तीनवर वळायला गेलं की चवड्यावर उभं राहून पीळ बसतो.

तिन्ही लीडर फेरी पुरी करत नाहीत. मोजून पाहिलं: पुढचं माप ठीक ९० अंश, मागचं जेमतेम ७०. दोन पुढची, दोन मागची मिळून ३२०. ४० अंशांची तूट. कारण मागे जाताना वळायची भीती. तिथे लीडरने मोठं पाऊल टाकू नये. त्या वेळी फॉलोअर पुढे येतोय आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहे, त्याला जास्त अंतर कापायचं आहे. आतल्याने लहान पाऊल घेऊन बाहेरच्याला वाट द्यायची. पुढच्या मापात भूमिका उलट.

हे सांगितल्यावर अ ची तूट जवळपास गेली. ब चे लीडर अजूनही उजव्या हाताने फॉलोअरला ओढून फिरवतात. त्यांचा हात तात्पुरता काढून घेतला, फक्त तळव्याला तळवा.

७ जुलै : पुढे सरकणं आणि जोडकाम

सरकतं बेसिक: लीडरचं १-२-३ तसंच, ४ ला मात्र उजवा मागे न नेता पुढे, ५ ला डावा डावीकडे, ६ ला उजवा शेजारी, वजन. फॉलोअर पूर्ण वेळ मागे. चार मापांत सुमारे दीड मीटर पुढे जाता येतं. नाचघरात सगळे भिंतीकडेने घड्याळाच्या उलट दिशेने जातात, तेव्हा सरावातही तीच दिशा ठेवली.

फॉलोअरला चौथं पाऊल पुढे की मागे, हे तिसऱ्या मात्रेच्या शेवटी कळलं पाहिजे. उतरताना लीडरची छाती जिकडे कलते तिकडे पुढचं माप. जोडी अ मध्ये हे फ्रेममधून जातं. क मध्ये लीडर ‘पुढे!’ असं कुजबुजतात.

जुळवणी अशी ठरली: दोन साधे बॉक्स, एक पूर्ण डावी फेरी, चार मापं सरकणं. एकूण १२ मापं, ३६ मात्रा. ८४ च्या वेगाला साधारण २६ सेकंद. प्रत्येक तुकडा सम मापांचा असल्यामुळे लीडरचा डावाच मोकळा राहतो. मधे एखादं माप गळलं तर पाय चुकतो, तेव्हा थांबून नव्याने धरण्यापेक्षा जागेवर एक माप वजन बदलत उभं राहावं आणि पुढच्या सहाची सुरुवात पकडावी.

१० जुलै : चाचणी

८४ च्या वेगाला दीड मिनिट म्हणजे १२६ मात्रा, २१ बॉक्स भरतात.

जोडी अ: सबंध दीड मिनिट, चढ-उतारासह. दुसऱ्या फेरीत वळण १० अंश कमी, सरकताना भरून काढलं. ९० लाही चाललं.

जोडी ब: ताल कुठेही सुटला नाही. फेरी पुरी होते, पण सहाव्या पावलाला उजवी टाच आवाज करते. वजन पडतंय, ठेवलं जात नाही. सुरुवातीला आज कुणी ‘चला’ म्हटलं नाही.

जोडी क: एकदा सरकण्यातून बॉक्समध्ये येताना थांबली. लीडरचा डावा पाय मोकळा नव्हता. जागेवर माप धरून पुन्हा निघाली आणि शेवटपर्यंत गेली. सपाट पावलांनी, ८४ ला. नंतर कागद ठेवून पाहिला: तीनला अडकला, सहाला निघाला.

पुढच्या आठवड्यात क साठी फक्त ४-५-६, वेग ६०, कागदासकट. अ ला उजवं वळण सुरू करायला हरकत नाही. टेप काढताना गोंद फरशीवर राहिला आहे, तो पुढच्या बैठकीआधी पुसायचा. त्यावर चामडी तळ चिकटतो.